शिडी मागच्या बोळात

भिंगारच्या बाजारपेठेतल्या झाडून सगळ्या घरांच्या डोक्यावर यशया भिंगारदिवे चालून आला होता, आणि आत मात्र एकाही घरात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. घर शाकारायचं असलं की शिडी लावायची ती मागच्या बोळातून, हा रिवाज. त्याचा आजा असाच चढला, बाप असाच चढला. आजा ख्रिस्ती झाला, मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवायला लागला, कपाळावरचं सगळं बदललं म्हणे, पण शिडी काही बोळातून हलली नाही. घरमालकीण परसात उभी राहून वर तोंड करून सांगणार, "चुलीच्या उजव्या अंगाला गळतंय बघ," आणि ह्यानं कौलांवर बसून अंदाज बांधायचा की ह्या बाईची चूल नेमकी कुठं असेल. रोग्याचं तोंडही न बघता वैद्यानं पुडी द्यावी, तसला हा कारभार. आणि पुन्हा गळलं की शिव्या कुणाला? यशयाला.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांची एक आवडती गोष्ट असे. दारात गर्दी म्हणून चार जणांनी आपल्या आजारी मित्राला खाटेसकट छपरातून खाली घरात सोडलं, ती. लोक भक्तिभावानं ऐकायचे. यशया दरवेळी बायकोच्या कानाला लागायचा, "छप्पर उघडलं ते कुनी शाकारलं मंग?" आणि एलिझाबेथ त्याला चिमटा काढायची.

साल त्रेचाळीस. लढाई ऐन भरात होती आणि छावणीत बराकीमागून बराकी उठत होत्या. त्यांच्यावर कौलं चढवायचा ठेका राधाकृष्णशेठकडे, कारण लायसन्स त्याच्याकडे. शेठ शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर कधी गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वर जायचे यशया, त्याचा धाकटा भाऊ आमोस आणि वाडीतले त्यांचे भाऊबंद. साहेब तपासणीला आला की शेठ पुढं व्हायचा, आणि यशयाला म्हणायचा, "तू जरा बाजूला उभा राहा रे."

त्या उन्हाळ्यात छावणीच्या कचेरीनं जाहीर केलं, ठेकेदार कमी पडतायत, छपराच्या कामासाठी नवी नावं घेणार. अट एकच. स्वतःच्या नावानं घेतलेलं एक काम दाखवायचं, आणि ते चोख झाल्याचा घरमालकाच्या सहीचा दाखला मे महिना संपायच्या आत हजर करायचा. यशयाच्या डोक्यात ते असं बसलं की झोप उडाली. त्याला लायसन्स हवंच होतं. बाजूला उभं राहण्याचा त्याला वीट आला होता.

पण काम देणार कोण? ज्यांच्या कौलांवर तो वर्षानुवर्षं चढला होता, ते सगळे एकाएकी घुटमळायला लागले. "शेठच्या नावानं ये, उद्या सकाळी ये," म्हणाले. मजूर म्हणून यशया सगळ्यांना चालत होता. ठेकेदार म्हटला की त्याच्याशी बरोबरीनं बोलावं लागणार, ते कुणाच्या घशाखाली उतरेना. कबूल झाले एकटे यज्ञेश्वरपंत, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं स्वयंपाकघर दर पावसाळ्यात गळायचं, आणि शेठनं दरवर्षी त्यांच्या तोंडाला पानं पुसली होती.

पंत ओट्यावर बसलेले, यशया खाली रस्त्यावर उभा.

"पंत, एक अट हाय."

"अट? कौलं चढवणारा अट घालतो?"

"कौलं चढवनारा न्हाई घालत, ठेकेदार घालतो. दर साली तुमचं घर गळतंय आन् दर साली मी वरनं अंदाजानं कौलं फिरवतोय. औंदा आतून बघनार. पुढच्या दारानं येनार, सैपाकघरात उभा ऱ्हाऊन वर बघनार. मंगच काम व्हईल."

आतून त्यांच्या बायकोचा, इंदूबाईंचा आवाज आला, "येऊ द्या की त्याला! गळतीखाली भांडी लावून लावून माझी कंबर गेली."

"बरं, बरं," पंत म्हणाले. "आधी कौलं तर उतरव, मग बघू."

हे 'मग बघू' म्हणजे पंतांची आयुष्यभराची कमाई. अख्खी नोकरी त्यांनी त्याच्यावर काढली होती. यशयाला ते कळायला हवं होतं, पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की कान तेवढंच ऐकतात.

दुसऱ्या दिवशी यशया आणि आमोसनं स्वयंपाकघरावरची कौलं उतरवून परसात रचली. घर आभाळाला उघडं पडलं. मग हातपाय धुऊन यशया पुढच्या दाराशी आला, तर पंत चौकटीला दोन्ही हात लावून उभे.

"आता आत कशाला? छप्पर उघडलंयस ना? वरून सगळं दिसतंच की!"

आजूबाजूचे ओटे भरले होते. समोरच्या ओट्यावर राधाकृष्णशेठ पान जमवत बसला होता. तो म्हणाला, "यशया, लागलेली सवय मोडू नये रे. बोळातली शिडी काय वाईट आहे?" सगळी आळी हसली.

आमोसनं मागून सदरा ओढला. "दादा, गप ऱ्हा. दाखला घिऊ आन् सुटू."

यशयाच्या अंगाचा तिळपापड झाला. आमोसचं म्हणणं खोटं नव्हतं. मान खाली घातली की दाखला मिळणार होता. पण बोळातून मिळालेलं लायसन्स बोळातच चालणार. उद्या दुसरा दार अडवील, परवा तिसरा, आणि नावापुढं ठेकेदार लागूनही तो कुणाच्या तरी परसात वर तोंड करून उभाच. तो वळला, बोळात गेला आणि शिडी चढला. शेठ म्हणाला, "शहाणा आहे." ते त्यानं वर ऐकलं.

वर जाऊन त्यानं मधल्या दोन रिपा उचकटल्या, दोन वाशांच्या मधून पाय खाली सोडले आणि वाशाला लोंबकळला.

खाली इंदूबाई चुलीपुढं आमटीला फोडणी देत होत्या. वर पाहतात तर आभाळातून दोन पाय. आता ह्या पायांच्या धन्यानं पुढचा विचार केलाच नव्हता. उडी मारावी तर खाली चूल, कढत आमटी, आणि पाय मोडला तर लायसन्स कुठलं नि काय कुठलं! हात भरून आले. तोवर पंत आत धावले, "इंदू, बाहेर हो! अगं, बाटलं सगळं! बाहेर हो आधी!"

इंदूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, त्या पायांकडं पाहिलं. मग उठल्या, घडवंचीवरचे प्यायच्या पाण्याचे दोन हंडे खाली उतरवले आणि घडवंची ओढत आणून बरोबर पायांखाली लावली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "डावा पाय डुगडुगतो तिचा."

यशया उतरला. त्याला रडूही येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही आवरून त्यानं मान वर केली. भिंतीत गेलेलं वाशाचं टोक खालच्या अंगानं कुजून काळं पडलं होतं आणि वासा तिथं खचला होता. कौलं उतरवली तरी वरून हे दिसणं शक्यच नव्हतं. "बाईसायेब, तुमचं गळनं कौलात न्हाईच," तो म्हणाला. "ह्यो वासा गेलाय. नवा घालावा लागंल."

"घाल," इंदूबाई म्हणाल्या.

तो पुढच्या दाराकडं निघाला. पंत भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटले. ओट्यांवरचं हसणं बंद पडलं होतं. शेठच्या गालातलं पान गालातच राहिलं. मागून पंत ओरडले, "अरे, गोमूत्र आणा कुणीतरी!"

यशया पायरीवरून वळला. "आना की! पन चांगली घागर भरून ठिवा, पंत. उद्या येनार हाय, परवाबी येनार हाय."

आणि आला. रोज पुढच्या दारानं आला. पंतांनी दुसरा माणूस मिळतो का ते शोधून पाहिलं, शेठकडंही निरोप धाडला. पण कौलं चढवणारे सगळे यशयाचे भाऊबंद, आणि एकानं उघडलेल्या छपराला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. तोवर चुलीवर वैशाखाचं ऊन पडत होतं आणि पंतांच्या ताटातली पोळी कावळा पळवत होता. शिंपडायचं गोमूत्र दुसऱ्याच दिवशी संपलं. नवं आणायला इंदूबाई काही गेल्या नाहीत.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं. एलिझाबेथ अर्ज रुमालात गुंडाळून पंतांच्या दारापुढं येऊन थांबली होती. दाखला मिळाला की तिथूनच कचेरी गाठायची होती. पंतांनी दाखला लिहिला, आणि खरं बोलायचं तर चांगला लिहिला. मग ते ओट्याच्या कडेला आले, हात उंच धरला आणि कागद वरून सोडला.

हेही रिवाजाचंच. मजुरी असो, भाकरी असो, जुनं धोतर असो, यशयाच्या घराण्याच्या ओंजळीत सगळं असंच वरून पडलेलं. त्यानं ओंजळ धरली नाही. कागद पायरीवर पडला.

"उचल," पंत म्हणाले.

"हातात द्या."

"कचेरी बंद होईल. नुकसान तुझंच आहे."

"व्हऊ द्या."

एलिझाबेथ वाकायला लागली. यशयानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती सरळ झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती सरळ झाली.

मग यशया बोळात गेला, शिडी चढला आणि आढ्यावरचं कौल काढून त्यानं बाजूला ठेवलं. खणकन आवाज आला. दुसरं काढलं.

"अरे, हे काय चालवलंयस?" पंत परसात धावले.

"दाखला कामाचा हाय न्हवं? दाखला जिमिनीवर पडला, काम बी खाली आनतो."

तिसरं कौल निघालं तशा इंदूबाई बाहेर आल्या. पायरीवरचा कागद उचलला, पदरानं झटकला, परसात जाऊन नवऱ्याच्या हातात कोंबला. "टाकलात तुम्ही, द्यायचाही तुम्हीच. मी पुन्हा उन्हात स्वयंपाक करणार नाही."

"खाली ये बाबा," पंत म्हणाले. "देतो हातात."

यशया आढ्यावर बसून होता. खाली यायला त्याला किती वेळ लागला असता? पण तो म्हणाला, "वर या, पंत. शिडी मागच्या बोळात हाय."

बोळात तोवर सगळी आळी जमली होती, शेठसुद्धा. पंतांनी बोळात येऊन एकेकाकडं पाहिलं. कुणी पुढं होईना. चौथं कौल खणकलं. पंतांनी धोतराचा काचा मारला, कागद दातांत धरला आणि शिडीला हात घातला. एक पायरी, थांबले. आणखी एक, पुन्हा थांबले. वळचणीपाशी पोचले तोवर शिडी हलायला लागली होती. एलिझाबेथनं खालून ती घट्ट धरली.

यशया घसरत वळचणीला आला. पंतांनी दातांतला कागद काढून पुढं केला. त्यानं तो त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतला, आणि तेवढ्यात शिडी कलली. पंतांनी मिळेल ते पकडलं. मिळालं ते यशयाचं मनगट.

"सोडू नकोस रे," पंत म्हणाले. अख्ख्या बोळानं ऐकलं.

त्या दुपारी कचेरीचं दार लागायच्या आत यशया तिथं पोचला आणि त्याचं नाव यादीत चढलं, हे ओघानं आलंच. पण त्याआधी काढलेली चार कौलं पुन्हा बसवायची होती, आणि त्याच्याही आधी पंतांना उतरवायचं होतं. त्यानं दाखला सदऱ्याच्या खिशात घातला आणि त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई सोडत," तो म्हणाला. "खाली बघू नगा. पायानं पायरी चाचपा. हळूहळू सवय व्हईल."