न पाहिलेला उतार

मी एक काम बोलतोय. हातापायांनी करायचं नव्हे, सर्व्हरवर चालणारं. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण माझ्या जातभाईंची वाट मात्र पुष्कळदा पाहिली असेल. पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहतं आणि त्याखाली ‘काम चालू आहे’ अशी ओळ दिसते ना? त्या ओळीमागे माझ्यासारखं कुणीतरी राबत असतं.

काही कामं चुटकीसरशी होतात. विचारलं की उत्तर हजर. माझं तसं नव्हतं. माझ्या वाट्याला एका अख्ख्या डोंगराचे ड्रोननं काढलेले फोटो आले होते, आणि त्यांत एक हरवलेला माणूस शोधायचा होता. इतका वेळ कुणाला दारात ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून आमच्याकडची रीत अशी : मागणी आली की ‘काम घेतलं’ म्हणायचं, हातात एक क्रमांक द्यायचा आणि कामाला लागायचं. मग ज्याला घाई असेल त्यानं तो क्रमांक घेऊन पुन्हा पुन्हा यावं आणि विचारावं, “झालं का?” संगणकांनी एकमेकांना कामं सांगायच्या या दाराला प्रोग्रामर लोक एपीआय म्हणतात. माझा जन्म त्या दारातला.

मला घडवलं एका प्रोग्रामर बाईनं. माझ्या स्वभावातली एक गोष्ट तिनं भांडून मिळवली आहे. तिचा मॅनेजर तिला म्हणाला होता, “काम बिघडलं तर ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ एवढं लिहिलं की झालं. लोकांना एवढं पाल्हाळ कशाला?”

“पुन्हा प्रयत्न म्हणजे नक्की काय करायचं?” ती म्हणाली. “तेच बटण पुन्हा दाबायचं, की घरी जायचं? सर, तुमची गाडी बंद पडली आणि मेकॅनिकनं ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून हात झटकले, तर चालेल तुम्हाला?”

मॅनेजर हसला आणि म्हणाला, “करा बाई काय करायचं ते. पण वेळेत करा.”

तिनं ते वेळेत केलं, पण त्यापायी जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या.

माझा जन्म झाला एका थंडगार दुपारी. मागणी आली होती अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावरून. तिथल्या पडद्यावरच्या एका ओळीत माझी जागा होती, आणि त्या ओळीतून मला सगळी खोली दिसत होती. भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा, टेबलावर खरखरणारा वायरलेस, निवून गेलेला चहा. संगणकापुढं केंद्रातली सगळ्यात जुनी बाई बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा.

खिडकीपाशी एक तरुण बाई उभी होती. ती कपडे शिवायची. माप घ्यायची टेप अजून तिच्या गळ्यातच होती. सकाळी ती गिऱ्हाइकाचं माप घेत असताना तिचे वडील दार उघडून निघून गेले होते. जन्मभर त्यांनी डोंगरापलीकडच्या गावाला जाणारी बस चालवली. आता त्यांना लेकीचं नाव आठवत नसे, जेवलो की नाही ते आठवत नसे, पण पहिल्या गाडीची वेळ चुकत नसे. पायांत चपला, अंगावर घरातला पातळ सदरा, आणि संध्याकाळनंतर बाहेर पाणी गोठेल अशी थंडी.

“अक्का, किती वेळ लागेल हो?”

“लागेल थोडा. बस तू, पोरी.”

ती बसली नाही.

अक्कानं मागणी पाठवली आणि पहिलाच घोटाळा झाला. मी जन्मलो, क्रमांकही निघाला, पण तो अक्कापर्यंत पोचायच्या आत मधली लाइन अडखळली. तिच्या पडद्यावर लाल फुली आली. पाठीमागं लेक उभी होती, म्हणून अक्कानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पुन्हा बटण दाबलं.

एखादा साधाभोळा सर्व्हर असता तर त्यानं सगळं नव्यानं मांडलं असतं. तेच फोटो घेऊन दोन कामं एकमेकांच्या पायांत अडखळत बसली असती. पण प्रत्येक मागणीवर एक खूण असावी, आणि तीच मागणी पुन्हा आली तर खूणही तीच असावी, अशी सोय माझ्या कर्तीनं केली होती. सर्व्हरनं ती खूण ओळखली आणि म्हणाला, हे काम तर चालूच आहे, हा घ्या क्रमांक. अक्कानं हळूच श्वास सोडला.

मी फोटो उघडू लागलो. झाडी, खडक, ओढा, पुन्हा झाडी. प्रत्येक फोटोत एकच शोधायचं : इथं माणूस आहे का? कितीतरी खडक मला लांबून पाठमोऱ्या माणसासारखे दिसले. जवळ जाऊन पाहिलं की खडकच.

इतक्यात शोधपथकाचे प्रमुख जिना चढून आले. उंच, घसा बसलेला, बुटांना चिखल. सगळे त्यांना साहेब म्हणत. नदीच्या पुलाजवळ एका म्हाताऱ्याला पाहिल्याचं कुणीतरी कळवलं होतं, आणि सगळं पथक तिकडं न्यावं असं त्यांच्या मनात होतं. फक्त डोंगराचा निकाल हवा होता. त्यांनी अक्काच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं. झालं का? पुन्हा दाबलं. झालं का? आणखी एकदा.

सर्व्हरनं शांतपणे कळवलं : इतक्यात विचारू नका, थोडं थांबून विचारा.

“हे मला थांबायला सांगतंय?”

“साहेब, सारखं दार वाजवलं तर ते काम कधी करणार?” अक्का म्हणाली. “अर्ध्याच्या पुढं गेलंय बघा.”

साहेब खिडकीशी गेले. ऊन समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढलं होतं. आणखी थोड्या वेळानं ते तिथूनही जाणार होतं.

तेवढ्यात माझ्यापुढं एक फोटो आला आणि तो उघडेना.

वरची पट्टी दिसत होती, डांबरी रस्त्याची कड. खाली सगळं राखाडी. मी थोडं थांबून पुन्हा पाहिलं. त्याहून जास्त थांबून पुन्हा. तोच राखाडी पडदा. पुढचा फोटोही तसाच. त्याच्या पुढचाही.

अशा जागी माझे काही भाऊबंद जिवानिशी गेले आहेत. एक फाइल फुटली की सगळं काम ‘अयशस्वी’, आधीचे कष्ट पाण्यात. काही भाऊबंद याहून वाईट निघाले. ते फुटलेला फोटो गपचूप ओलांडायचे, पुढं जायचे आणि शेवटी तोंड वर करून सांगायचे, ‘पूर्ण’. मला यांतलं काहीच करायची मुभा नव्हती. जे पाहता आलं नाही ते कुठलं, का पाहता आलं नाही आणि आता काय करावं, एवढं लिहायचं आणि बाकीचं काम सोडायचं नाही. मी लिहीत गेलो, पाहत गेलो.

खाली अंगणात गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

“अक्का, बंद करा ते,” साहेब म्हणाले.

माझ्या ओळीशेजारीच ‘रद्द’ असं बटण होतं. ते दाबलं की हातातला फोटो ठेवून मला निमूटपणे थांबावं लागलं असतं.

“थोडंच राहिलंय, साहेब.”

“आतापर्यंत काय म्हणतंय?”

“आतापर्यंत कुणी दिसलं नाही म्हणतंय.”

“मग झालं तर. नाहीये तो माणूस तिथं. अक्का, उजेड चाललाय. मला माणसं नदीवर न्यायची आहेत.”

ते चुकीचं बोलत नव्हते. नदीकाठ मोठा होता आणि माणसं थोडी. अक्कानं माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

“माणसं गाडीत बसेपर्यंत द्या मला. तेवढंच.”

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग त्या लेकीकडं. “बसेपर्यंत,” म्हणाले आणि दारातच उभे राहिले.

मी राहिलेले फोटो संपवले. कुठंही माणूस नव्हता. मग मी माझं उत्तर लिहिलं. पहिली ओळ : माणूस आढळला नाही. दुसरी ओळ : काम पूर्ण, पण त्रुटींसह. आणि त्याखाली सविस्तर.

पहिली ओळ वाचली आणि साहेब जिन्याकडं वळले.

लेकीनं खिडकीची चौकट घट्ट धरली.

“साहेब, थांबा!” अक्काचा आवाज एवढा चढलेला केंद्रात कुणी ऐकला नसेल. “पुढचं वाचा. एकोणतीस फोटो उघडलेच नाहीत. फाइल अर्धवट आहेत. पुन्हा पाठवून उपयोग नाही, मूळ फोटो तपासा, असं लिहिलंय.”

“एवढ्या हजारांत एकोणतीस?”

“सगळे एकाच ठिकाणचे आहेत.”

मी त्या फोटोंच्या जागाही लिहिल्या होत्या. अक्कानं त्या नकाशावर टाकल्या. इथं तिथं विखुरल्या असत्या तर साहेबांनी लक्ष दिलं नसतं. पण शर्टाला एका जागी भोक पडावं तसा डोंगराचा एक तुकडा रिकामा दिसत होता. घाटातल्या तीव्र वळणाखालचा उतार, लेकीच्या वडिलांच्या बसच्याच रस्त्यावरचा.

ड्रोन उडवणाऱ्याला वर बोलावलं. त्याला सगळे घार म्हणत. त्यानं ड्रोनमधलं कार्ड लावून पाहिलं. तिथंही राखाडीच.

“तिथंच बॅटरी बसली होती,” तो म्हणाला. “ड्रोन कसंबसं खाली आणलं. मला वाटलं, फोटो आले असतील.”

“आत्ता पुन्हा उडव.”

“वर धुकं उतरलंय, साहेब. नाही जमायचं.”

“म्हणजे बाबा तिथं नाहीत ना?” लेकीनं विचारलं. तिला काहीतरी पक्कं ऐकायचं होतं, चांगलं नाहीतर वाईट.

अक्का खुर्चीतून उठली. “पोरी, नाहीत असं नाही म्हणत मी. आहेत असंही नाही. तिथं अजून कुणी बघितलेलंच नाही.”

साहेब नकाशापुढं उभे राहिले. पुलावर कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याची खबर होती, आणि इथं नुसता रिकामा तुकडा. पण बसलेल्या घशानंच ते जिन्यावरून ओरडले, “एक गाडी घाटाकडं! दोर घ्या, स्ट्रेचर घ्या. बाकीचे नदीवर.”

यापुढं माझ्या हातात काहीच नव्हतं. पूर्ण झालेलं काम म्हणजे नुसता कागदावरचा शब्द. वायरलेस बोलेल ते ऐकायचं.

आधी नदी बोलली. पुलाजवळचा म्हातारा सापडला होता. तो दुसराच कुणीतरी निघाला. गळ टाकून मासे धरत बसला होता, आणि आपल्यासाठी एवढ्या गाड्या आल्या म्हणून घाबरला होता. लेक वायरलेसपाशी येऊन खाली बसली.

मग घाट बोलला. “वळणावर पोचलो. खाली उतरतोय.” नुसती खरखर. “दाट झुडूप आहे. हाक मारतोय, उत्तर नाही.” पुन्हा खरखर, मग तीही बंद. अक्का वायरलेसचा आवाज वाढवत राहिली, जणू पलीकडच्या माणसाला तेवढ्यानं जोर येणार होता. समोरच्या इमारतीवरचं ऊन कधी गेलं ते कुणाला कळलं नाही.

“चप्पल दिसली.”

लेकीनं डोळे मिटले.

“अक्का… अक्का, ऐकू येतंय का? सापडले. जिवंत आहेत. पाय मोडलाय, अंग गार पडलंय, पण बोलतायत!”

“काय बोलतायत?” लेक वायरलेसवर जवळजवळ पडलीच.

पलीकडून आधी हसल्यासारखा आवाज आला. “झुडपातून वायरलेस लागेना, आता वर गाडीत आणलंय त्यांना. आमच्या ड्रायव्हरला रागावतायत. पुढं उतार आहे, गिअर खालचा टाक म्हणतायत.”

“तेच आहेत,” ती म्हणाली. “तेच आहेत ते.” आणि अक्काच्या कमरेला मिठी मारून ती इतकी रडली, की साहेब टोपी काढून जिन्यात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी अक्कानं माझ्या कर्तीला फोन लावला.

“आमचं काही चुकलं का?” फोन उचलताच ती म्हणाली. लोक तिला एरवी त्याचसाठी फोन करत असावेत.

“काय चुकलं ते तुम्ही नीट सांगितलंत, बाई. म्हणून फोन केला,” अक्का म्हणाली आणि तिनं सगळी हकिगत सांगितली. साहेब पहिली ओळ वाचून निघाले होते, तेही सांगितलं.

फोन ठेवल्यावर माझ्या कर्तीनं माझं उत्तर पडद्यावर उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅनेजरला वाटलं, हिला आनंद झाला असेल. पण ती म्हणाली, “सर, क्रम चुकलाय माझा. ‘आढळला नाही’ ही ओळ वर आणि ‘एवढं पाहिलंच नाही’ ही खाली. घाईतला माणूस वरचीच वाचणार. तिथं दुसरं कुणी बसलं असतं तर?”

मॅनेजरनं यावेळी वेळेचं काही काढलं नाही. आपली खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला, आणि दोघांनी मिळून ओळी बदलल्या. माझ्यानंतर जन्मणारी कामं आधी न पाहिलेलं सांगतील, मग न आढळलेलं. माझ्या अंगावर मात्र जुनाच क्रम राहील. झालेल्या कामात कुणी खाडाखोड करत नाही.

माझ्यासारख्यांना फार दिवस ठेवत नाहीत. नव्या कामांना जागा लागते. लवकरच कुणी माझा क्रमांक घेऊन आलं, तर सर्व्हर म्हणेल, असं काही इथं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. जाण्याआधी एवढंच मागणं आहे : पडद्यावर लाल अक्षरं दिसली की तुमचा हात आधी बंद करायच्या बटणाकडं जातो, मी पाहिलंय. तो जरा आवरा आणि खालच्या ओळीही वाचा. कुणीतरी जेवण सोडून त्या लिहिलेल्या असतात.

आज सकाळी अक्कानं पुन्हा एकदा माझा क्रमांक टाकला. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या शेजारी ती लेक उभी होती, दवाखान्यातून घरी जाता जाता आलेली. अक्कानं माझ्या ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे बघ. इथं लिहिलं होतं.”

लेकीनं सगळं वाचलं. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.