तीन नंबरच्या शेडची कडी

"अकराच्या ठोक्याला शेडमधले दिवे बंद! एकाही टर्कीचा आवाज बाहेर आला तर माझी नोकरी जाईल, आणि माझ्याआधी तुमची," मॅनेजर डेस्मंड गूचनं बजावलं.

"मला नको शिकवूस," एनिड लार्टर म्हणाली. "तू दुपट्यात होतास तेव्हापासून इथं पाखरं सांभाळतेय मी."

अंधारात टर्की गप्प बसतात आणि उजेडात कुणी मोठ्यानं बोललं की सगळे नर एकदम ओरडून उत्तर देतात, हे इंग्लंडातल्या नॉरफकमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या नोव्हेंबरच्या सकाळी, शेडपासून हाकेच्या अंतरावर, युद्धात गेलेल्या वैमानिकांच्या नावांचा दगड बसायचा होता. हवाई दल कधीच निघून गेलं होतं. धावपट्टीवर आता ख्रिसमससाठी टर्की पोसायच्या शेडा होत्या.

तीन नंबरच्या शेडमध्ये शिरताना एनिड बूट पुसायची. बाकीचे हसायचे, विष्ठा तुडवायला जाताना बूट कोण पुसतं? पण याच काँक्रीटखाली तिच्या आईचं स्वयंपाकघर होतं. बेचाळीस साली हुकूम आला, हवाई दलाला धावपट्टी हवीय, पंधरा दिवसांत जागा सोडा. मालकाला भरपाई मिळाली. लार्टर पडले कूळ, त्यांना मिळाला रस्ता. निघताना आई दाराला कडी लावायला गेली, तर सरकारी माणूस हसला. "कडी कशाला लावताय बाई? दुपारी घरच पाडायचंय." पुढे बापानं आपल्याच शेतावर काँक्रीट ओतायची मजुरी केली आणि मरेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एनिडला सगळ्यात जास्त संताप यायचा तो या गप्प बसण्याचा.

म्हणून तर तिनं दगड बसवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना, हेलॉकसाहेबांना, गाठलं होतं. दगडावर खाली एक ओळ टाका, इथं लार्टरांचं घर होतं, एवढंच.

"हा दगड प्राण देणाऱ्यांचा आहे, बाई," ते म्हणाले होते. "बिऱ्हाड हलवणाऱ्यांचा नाही."

अकरा वाजले. एनिडनं दिवे बंद केले. बाहेर श्रद्धांजलीची शांतता पाळली जात होती, तेवढा वेळ तीही अंधारात मान खाली घालून उभी राहिली. त्या वैमानिक पोरांवर तिचा राग नव्हताच. त्यातला एकजण लहानपणी तिला आपल्या वाटणीचं चॉकलेट द्यायचा. त्याचं नाव दगडावर होतं.

मग भोंग्यातून हेलॉकसाहेबांचा आवाज आला. "मित्रहो, आपले वैमानिक आले तेव्हा इथं काय होतं? काही नाही! नुसतं ओसाड रान!"

एनिडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओसाड? आईची प्लमची झाडं, चूल, विहीर, पाळणा, सगळं ओसाड? तिनं खाडकन दिव्यांचा खटका दाबला.

पाखरं क्षणभर चुळबुळली. हेलॉकसाहेब पुन्हा "ओसाड" म्हणाले मात्र, अख्खी शेड एका गळ्यानं ओरडली. त्यांनी आवाज चढवला, टर्कींनीही चढवला. पुढच्या रांगेतल्या बायका हसू दाबायला ओठ चावू लागल्या. शेवटी भाषण अर्ध्यावर सोडून साहेब खाली उतरले.

डेस्मंड धावत आला. "खटका कुणी दाबला?"

"मी."

"चुकून ना? चुकून म्हणा बाई, मी घेतो निभावून."

"अजिबात चुकून नाही. ओसाड रानात एवढी बोंब कुठून येते, विचार जा तुझ्या साहेबाला."

डेस्मंडनं मान खाली घातली. "मग उद्यापासून येऊ नका."

तो गेल्यावर एनिडनं दिवे मालवले. पाखरं शांत होईपर्यंत ती थांबली. एप्रन काढून त्याची घडी घातली, तो खुंटीला लावला. बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि नीट बसली की नाही ते हातानं ओढून पाहिलं.