डाव्या गालातली गोळी

"एकाच बाजूच्या दाढा कशा गं किडल्या?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीला विचारलं. शाळेतल्या तपासणीत अर्ध्या वर्गाचे दात किडलेले निघाले होते. बाहेर बाकावर बसायलाही जागा नव्हती.

"मी त्या कुशीवर झोपते. गालात गोळी असते."

"रोज?"

"चघळायची नाही, नुसती ठेवायची. मग बाबा येईपर्यंत पुरतात."

घ्या! आणि मला मेलीला पत्ताच नाही. नवरा ट्रक चालवतो. महिना-महिना बाहेर, आणि उगवला की खिसा भरून गोळ्या. मी ओरडले की म्हणायचे, "दुधाचे दात आहेत, पडणारच की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या जागी नव्या दाढा यायला अजून काही वर्षं लागतील, तोवर पोरीने चावायचं कशाने? दोन दाढा काढल्या. पोर माझा पदर घट्ट धरून होती.

संध्याकाळी फोनवर मी नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. "या खेपेला रिकाम्या हाताने यायचं. एक जरी गोळी दिसली ना, दारातूनच परत पाठवीन!"

इंजिनाच्या आवाजातून म्हणाले, "अगं, पण मग ती धावत कशाला येईल?"

एवढा धिप्पाड माणूस! माझा राग कुठल्या कुठे पळाला.

ते आले तेव्हा लेक नेहमीसारखी धावली. त्यांनी उचलून घेतलं. तिचा हात सवयीने शर्टाच्या खिशात गेला. रिकामा. मग दुसरा खिसा. तोही रिकामा.

"संपल्या?"

"बंद केल्या, बाळा."

ती खाली उतरली आणि थेट आत निघून गेली. हे उंबऱ्यावरच बसले, बूटही न काढता. "बघितलंस?" एवढंच म्हणाले.

"थांबा हो जरा," मी म्हटलं खरं, पण माझीही नजर आतल्या दाराकडेच होती.

ती मूठ मिटून बाहेर आली. कापसात गुंडाळलेली दाढ होती, मधोमध काळं भोक पडलेली.

"घे. तुझ्यासाठी ठेवलीय. तू गाडीत एकटा असतोस ना! पण गालात नाही ठेवायची हं."

ह्यांना हसू आवरेना आणि रडूही.

दोन दिवसांनी निघताना त्यांनी शर्ट बदलला आणि दाढ आठवणीने नव्या शर्टाच्या खिशात टाकली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत लेक एक हात हलवत होती. दुसरा हात डाव्या गालावर होता.