कागदी रुमालातली कवळी

मी कवळी बोलतेय. हसू नका. माझ्या नावाचं हसू फक्त स्वतःचे दात शाबूत असलेल्यांनाच येतं, आणि त्यांचंही पुढे बघू.

माझा जन्म दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. आमच्या मालकांच्या तोंडाचं माप घेतलं, साचा केला आणि एका कारागिरानं मला इतकं घासलं, इतकी चकाकी आणली, की मला वाटलं आपण एखाद्या सिनेनटाच्या तोंडी लागणार. लागले ती बसस्थानकावरच्या निवेदकाच्या.

मालकांनी आयुष्यभर भोंग्यातून एकच आशा विकली. ‘गाडी थोड्याच वेळात सुटेल.’ निवृत्त झाले तेव्हा भोंगा स्थानकावरच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक हे सांगायचं, तरी तीन गल्ल्यांतले प्रवासी सामान उचलतील असा थाट. त्या थाटात माझा वाटा केवढा, हे काय सांगू! मी नसले की मालकांचं तोंड म्हणजे रिकामी पिशवी. निदान मी तरी तसं समजत होते.

मग चिरंजीवांनी परदेशातून कळवलं की तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरवलंय, तुम्ही दोघं या, तिच्या आईवडिलांना भेटा. बाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, बॅगा भरायला घेतल्या. मालकांनी भाषण तयार करायला घेतलं.

आरशासमोर रोज तालीम चाले. भाषण लांबलचक होतं, पण त्यातला मुद्दा एकच. ‘आमचं एकुलतं एक पोरगं तुमच्या गावात एकटं राहतं. आम्ही लांब आहोत. त्याला आपलं समजा.’ नेमकं इथे आलं की मालकांचा आवाज अडकायचा. मग ते घसा खाकरून बाईंना म्हणायचे, “ही कवळी सैल झालीय बहुतेक.” मी अजिबात सैल नव्हते. पण पुरुषांच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याचं खापर कोणावर तरी फुटावंच लागतं.

“तिथली भाषा तुम्हाला येत नाही,” बाई म्हणाल्या, “आणि त्यांना आपली येत नाही. बोलणार कसं?”

“स्वच्छ आणि मोठ्यानं बोललं की कुणालाही कळतं,” मालक म्हणाले.

विमानतळावर या सिद्धांताची परीक्षा झाली. काचेमागच्या अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. मालकांनी आपल्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून, खणखणीत आवाजात सांगितलं, “मुलाच्या लग्नाचं बघायला आलोय!” मागची रांग दोन पावलं मागे सरकली. अधिकाऱ्यानं घाईघाईनं शिक्का मारला. “बघ, कळलं त्याला,” मालक बाईंना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी जेवण होतं. दारातच चिरंजीव कुजबुजले, “बाबा, जरा हळू बोला हं.”

“अरे, हळू बोललो तर त्यांना कळणार कसं?”

व्याही उंच, टकले, गंभीर. विहीणबाई सारख्या हसत होत्या, कारण दुसरं करणार काय? सगळे टेबलाशी बसताच मालक उठून उभे राहिले आणि भाषणाची गाडी फलाटावरून हलली. प्रवासाचं वर्णन झालं, हवामान झालं, आमच्या घराण्याची थोरवी झाली. चिरंजीवांनी त्याचं भाषांतर केलं. दोन शब्द.

“एवढंच?” मालकांनी विचारलं.

“सारांश सांगितला, बाबा. बसा आता, जेवण गार होतंय.”

मुद्दा राहिला तो राहिलाच. मालक पडेल चेहऱ्यानं बसले आणि पावाचा तुकडा तोंडात टाकला. पाव कसला, वीटच ती. एक कडक कण माझ्याखाली जाऊन हिरडीला टोचायला लागला. लोकांची नजर चुकवून मालकांनी मला वरखाली दोन्ही काढलं, कागदी रुमालात गुंडाळलं आणि ताटलीशेजारी ठेवलं. मग भाजीच्या मऊ फोडी गिळत बसले. जेवण झाल्यावर चिरंजीव आणि होणारी सूनबाई आइस्क्रीम आणायला बाहेर पडले.

आता आमच्या बाई. दुसऱ्याच्या घरी जेवून नुसतं बसून राहणं त्यांना जमत नाही. यजमानीण एकटी उष्टी उचलतेय आणि आपण पाहुणीसारखं बघतोय, म्हणजे माहेरच्यांचा उद्धार झालाच. “तुम्ही बसा हो, मी आवरते!” म्हणत त्यांनी ताटल्या ओढल्या. विहीणबाईंनी परत ओढल्या. दोघी आपापल्या भाषेत एकच वाक्य म्हणत होत्या. शेवटी आमच्या बाई जिंकल्या आणि त्या विजयात मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात पोचले.

“अगं, इथला कागद कुठे गेला?” मालकांचा फुसफुसता आवाज आला.

“टाकला की. मळला होता.”

“त्यात दात होते माझे!”

“अगं बाई! आता विहीणबाईंना कुठल्या तोंडानं सांगू?”

“तुला तोंड आहे तरी!”

बाईंनी विहीणबाईंना खिडकीपाशी नेऊन कुंड्यांचं कौतुक आरंभलं. मालक स्वयंपाकघरात आले आणि कोपरापर्यंत हात डब्यात घातला. मला त्यांची बोटं दिसत होती. हाक मारावीशी वाटत होती. पण दुसऱ्याच्या तोंडाशिवाय मला बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी, बटाट्याच्या सालींत पडल्यावर उमगलं. आणि तेवढ्यात व्याही आत आले.

मुलीचा होणारा सासरा आपल्या कचऱ्यात हात घालून उभा. व्याह्यांनी काय समजायचं? बिचाऱ्याचं पोट भरलं नाही, असं समजले. त्यांनी त्याच पावाचा जाड काप ताटलीत घालून मोठ्या अदबीनं पुढे केला.

मालकांनी हात जोडले. बोलायला गेले आणि जन्मात पहिल्यांदा गप्प झाले. चेहरा लाल झाला होता. मग काही न सुचून त्यांनी आ वासला आणि रिकाम्या हिरड्या दाखवल्या.

व्याही वाकून बघत राहिले. दाराकडे एक नजर टाकली, बायको येत नाही ना याची खात्री केली, आणि स्वतःच्या तोंडात हात घालून सगळे दात काढून त्या पावाच्या कापाशेजारी ठेवले.

दोन बोळकी एकमेकांकडे बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग बाह्या सरसावून दोघांनी डबा उपडा केला. सापडले मी. साबणानं धुतलं, ग्लासात ठेवलं. मी तयारच होते. आता मला बसवणार, आता भाषणाचा राहिलेला मुद्दा येणार.

कुणी मला हात लावला नाही. चिरंजीवांचं जाकीट तिथल्याच खुर्चीवर पडलं होतं. मालकांनी ते उचललं, त्यावरून हात फिरवला, कॉलर नीट केली आणि व्याह्यांच्या हातात दिलं. देताना त्यांनी घसा खाकरला. या वेळी सैल व्हायला मी तोंडात नव्हते.

व्याही हसायचे थांबले. त्यांनी जाकीट छातीशी धरलं, दाराजवळच्या खुंटीवरून आपला कोट काढला, तिथे ते जाकीट अडकवलं आणि त्यावर आपला कोट पांघरला.

आइस्क्रीम घेऊन पोरं परतली. चिरंजीवांना बहुधा वाईट वाटलं असावं. म्हणाले, “बाबा, तुमचं काहीतरी सांगायचं राहिलं ना? सांगा, मी नीट सांगतो त्यांना.”

“झालं सांगून,” मालक म्हणाले.

लग्न झालं, आम्ही घरी परतलो. परवा चिरंजीवांना ताप भरला, सूनबाई परगावी होती. व्याह्यांनी व्हिडिओ फोन लावला. पलंगावर झोपलेले चिरंजीव दाखवले, त्यांच्या कपाळावरची ओली पट्टी दाखवली आणि स्वतःचं बोळकं पसरून ‘मी आहे’ अशा अर्थानं छातीवर हात ठेवला. मालकांनीही मला वाटीतून न उचलताच हात जोडले.

मला आता शेंगदाणे चावण्यापुरतं ठेवलं आहे. तक्रार नाही. तुम्हीही कधी परक्या मुलखात जाल, मनातलं बोलायची वेळ येईल. तेव्हा माझ्यासारखीला खुशाल बाजूला काढून ठेवा. फक्त बाबांनो, कागदात गुंडाळू नका.