सावली पायाखाली आली

लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या डाळ मिलमध्ये सकाळी पट्टा सुरू झाला, की तुरीची पिवळीधमक डाळ त्याच्यावरून संथपणे सरकत राहते. दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बाया तिच्यातले खडे आणि काळे दाणे वेचत राहतात. बघता बघता डोळ्यांवर गुंगी चढते. वाटायला लागतं की डाळ जागच्या जागी आहे आणि आपणच मागे मागे वाहत चाललो आहोत. रेणापूरहून रोज येणाऱ्या विशाखाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिने घाबरत घाबरत नागुबाईला सांगितलं, तर नागुबाई म्हणाली, "वाहू दे की. हात हितं असला म्हंजे झालं."

नागुबाई सगळ्यांत थोरली. मिलमध्ये येण्याआधी ती आणि विशाखा रेणापूरच्या शिवारात एकाच टोळीत खुरपायला जायच्या. शेतात घड्याळ कोण बघतो! सूर्य डोक्यावर आला, की नागुबाई कंबर सरळ करायची आणि आरोळी ठोकायची, "बसा गं बायांनो, सावली पायाखाली आली!" मग खुरपी जिथल्या तिथे टाकून सगळ्या बांधावर गोल करून बसायच्या. नागुबाई पहिला घास मोडायची, मग बाकीच्यांचे डबे उघडायचे. तिच्याआधी कुणी खायचं नाही आणि कुणाला सोडून तीही खायची नाही. हा नेम कुणी घालून दिला, देव जाणे. टोळी शेतातून मिलमध्ये आली, तसा नेमही तिच्याबरोबर आला.

मिलमध्ये तेव्हा दुपारी भोंगा वाजायचा, पट्टा थांबायचा आणि पोत्यांच्या थप्पीआड अर्धा तास बैठक बसायची. गावात टोळीतल्याच लक्ष्मीबाईच्या घरी विशाखाला ओसरीच्या पुढे कुणी बोलावलं नव्हतं. इथे मात्र तीच लक्ष्मीबाई विशाखाच्या डब्यातला ठेचा हक्काने ओढून घ्यायची आणि आपली शेंगदाण्याची चटणी तिच्या भाकरीवर ठेवायची. विशाखाला तो अर्धा तास आवडायचा. दिवसभरात तेवढाच वेळ आपला, असं तिला वाटायचं.

दिवाळीनंतर मालकाचा निरोप आला: पट्टा थांबवायचा नाही, बायांनी दोघी दोघींनी जाऊन झटपट खाऊन यायचं. माणिकप्पा सुपरवायझरने पाळ्या लावल्या. माणूस वाईट नव्हता, पण मालकाच्या ताटाखालचं मांजर. नागुबाईची नजर सगळ्यांत तेज, म्हणून तिची पाळी त्याने अगदी शेवटी ठेवली.

आता गंमत बघा. पहिल्या दोघी गेल्या, डबे मांडीवर घेऊन बसल्या आणि तशाच परत आल्या. नागुबाईच्या आधी घास कसा मोडायचा? दुसऱ्या दोघींचंही तेच झालं. सगळ्यांत शेवटी नागुबाई गेली, तर पोरी उपाशी आहेत म्हणून तिच्याही घशाखाली घास उतरेना. संध्याकाळी डबे जसेच्या तसे एसटीत चढले. "तुम्ही खा गं," असं नागुबाई रोज म्हणायची. "तुम्ही आधी जा," असं बाकीच्या रोज म्हणायच्या. त्यावर ती उसळायची, "मी काय म्हैस हाय का, एकटीच दावणीला चरायला?"

माणिकप्पाने डबे भरलेले पाहिले आणि शहाण्यासारखा हिशेब केला, की बायांना दुपारी भूकच नसते. मालक खूश झाला. सोमवारपासून पाळ्याही बंद, दुपारची सुट्टीच नाही, असं ठरलं.

विशाखाचा जीव टांगणीला लागला. नागुबाई सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घ्यायची आणि वर पोटात काही नाही. दोनदा तिला खांबाला टेकलेलं विशाखाने पाहिलं होतं. घरी तिने नवऱ्याला सांगितलं. अश्वजित म्हणाला, "पाच तास काम झालं की अर्धा तास सुट्टी द्यावीच लागते. कायदाच हाय तसा."

"असू दे की," विशाखा म्हणाली. "पण कायदा काय हात लावून पट्टा थांबवतो का? आम्ही बोललो, तर उद्या दुसऱ्या बाया उभ्या करतील."

सोमवार उजाडला. पत्र्याच्या छताला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा कवडसा आत यायचा आणि दिवस चढेल तसा भिंतीवरून खाली उतरून पट्ट्याकडे सरकायचा. त्यात डाळीची धूळ सोन्यासारखी तरंगायची. पोटात कावळे ओरडून ओरडून गप्प झाले होते. मशीनची घरघर लांब गेली. विशाखाचे हात वेचत होते, डोळे उघडे होते आणि ती मात्र तिथे नव्हती.

डाळीची नदी झाली होती. पिवळी, ऊन ऊन, गुडघाभर खोल. विशाखा तिच्यातून चालत होती आणि पायांना दाणे गुदगुल्या करत होते. काठावर कापूस फुटला होता, नागुबाई आपल्या माहेरच्या, हदगावकडच्या शिवाराचं सांगायची तस्सा. बाया ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर डबे आणि कुणालाच खाली बसता येत नव्हतं, कारण कुणी हाक देत नव्हतं. सगळ्या नागुबाईकडे बघत होत्या. नागुबाईचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. विशाखाला रडू आलं. अगं, एवढंच तर म्हणायचंय! तिने कंबर सरळ केली, छाती भरून घेतली.

"बसा गं बायांनो, सावली पायाखाली आली!"

आपल्याच आवाजाने ती जागी झाली. कवडसा बरोबर तिच्या पायाशी पडला होता. आणि समोर पट्ट्यावर एकही हात नव्हता. सगळ्या खाली बसल्या होत्या. विचार करून कुणी बसलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, हाक ऐकली आणि गुडघे आपोआप वाकले. डाळ खड्यांसकट पुढे जात होती आणि सरळ पोत्यात पडत होती.

माणिकप्पा धावत आला. "ए, काय चाललंय तुमचं? खडे चालले पोत्यात!" कुणी हलेना. त्याने कपाळावर हात मारला आणि पट्टा बंद केला. शेडमध्ये एवढी शांतता पसरली, की वर घुमणारी कबुतरं ऐकू आली. "कोण वरडलं?"

"मी," नागुबाई म्हणाली. तिला डब्याचं झाकण काढता येईना.

विशाखाने झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात दिला. मग ती उभी राहिली. "मी वरडले, आप्पा."

"तुम्हाला भूक नसती ना? डबे तसेच नेता की रोज!"

"म्हातारीच्या आधी कोण खाईल?"

"मग तिला पहिली पाठवली असती!"

"मग आमच्याबिगर ती कशी खाईल? जेवण हाय ते आप्पा, रेशनची लाईन न्हाई. अर्धा तास आमच्या हक्काचा हाय, अन् तो सगळ्यांचा एकदम लागतो."

माणिकप्पाने थांबलेल्या पट्ट्यावर हात आपटला. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचाच त्याला राग आला असावा. "आजच्यापुरतं," तो म्हणाला. "मालकाला मी काय सांगू? उद्या पुन्हा वरडलीस, तर परवा येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी विशाखा टक्क जागी होती. पट्टा चालू होता, कवडसा भिंतीवरून उतरत होता आणि आज डाळीची नदी होईना. डाळ ती डाळ, खडे ते खडे. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. बघितलं तर तिच्यावर ओझं येईल, म्हणून सगळ्या माना खाली घालून वेचत होत्या. माणिकप्पा बटणाजवळ उभा होता. झोपेत आरोळी ठोकणं किती सोपं होतं! तिला अश्वजित आठवला, हातावरचं पोट आठवलं. नागुबाई खांबाकडे हळूच सरकत होती.

कवडसा पायाशी आला. विशाखाने तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, कालच्यापेक्षा बारीक, थरथरता.

"बसा गं बायांनो. सावली पायाखाली आली."

सगळ्या बसल्या. डाळ पुढे गेली. वीतभर गेली, हातभर गेली, आणि मग घरघर थांबली. माणिकप्पाचा हात बटणावर होता. तो कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेला.

झाकणं वाजायला लागली. नागुबाईने घास मोडून तोंडात घातला आणि पदराने डोळे पुसले.

"ठेचा कुणाचा हाय गं?" ती म्हणाली. "लई झोंबला."

ठेच्याचा डबा अजून उघडायचा होता. विशाखाने तो गुपचूप उघडून तिच्यापुढे सरकवला.