ममता मामीची करवत

आमच्या प्रकाशा गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर बसून एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. राग धरायचा नाही, अशी रीत. गौराई तापीत सोडली की शिव्याही बुडाल्या. माझी तेवढी तरंगली.

त्या आखाजीला माझी नणंद तुळशीबाई लेकीला, रंजिताला, घेऊन आली होती. पोरींनी दारातल्या निंबाला झोका बांधला. फांदी कुजलेली होती. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी घरातली करवत आणली, निंबावर चढले आणि फांदीच पाडली. आतून नुसता भुसा निघाला. तो कोणाला दिसला नाही. रंजितानं तिथल्या तिथं गाणं जोडलं, "ममता मामी करवत, जाता कापस, येता कापस!" गल्ली हसली. मीही हसले, मूर्खासारखी.

गौराई गेली, गाणं राहिलं. भाजीवालीला नीट तोल म्हटलं की मी करवत. सासऱ्यांना गोळी घ्या म्हटलं की करवत. पुढे तर गल्लीतली कोणतीही बाई खरं बोलायला लागली की लोक म्हणायचे, "इन्ही बी करवत चालू व्हयनी!"

मग रंजिताला खापर गावचं स्थळ आलं, भूपेंद्र. भर बाजारात त्यानं सख्ख्या आईवर हात उचललेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. ते सांगितलं तर तुळशीबाई माझ्या नवऱ्याला म्हणाली, "हेमकांत, तुन्ही करवत आवर." तेही हसले. लग्न लागलं.

यंदा रंजिता आली, पण झोक्याकडे फिरकली नाही. स्वयंपाकघरात बांगड्या मागे सारून तिनं मनगट दाखवलं. काळंनिळं.

"मामी, मी काही बोलनू का तो बी माले करवतच म्हणस."

तिचंच गाणं तिच्या सासरी पोचलं होतं. तशीच तुळशीबाईपुढे जाऊन उभी राहिले.

"बाई, इले परत धाडू नका. तो मारी टाकी इले."

"ममता, सणना दिवस शे. आज तरी करवत बंद ठेव."

संध्याकाळी गौराई तापीत गेली. सकाळी रंजिताला न्यायला सासरची जीप आली. मी जीपचं दार धरून ठेवलं. हेमकांतनी माझी बोटं सोडवली. जीप वळेपर्यंत मी ओरडत होते आणि गल्ली हसत होती. एका पोरीनं तर गाणंही धरलं.