भिंतीवरचा पिवळा फ्रॉक

“घुमे, इथून पुढे मला जाता येत नाही. आता तूच सांग, तीळबाईनं काय करावं?”

मावशीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काचेखाली फ्रेमा, काड्या, डोळ्यात तेल घालून शोधावे लागतील असले स्क्रू. मागे भिंग घासायचं यंत्र आणि त्याच्याशेजारी स्टुलावर मी. शाळेत तोंड उघडत नाही म्हणून आईनं मला तिच्या गळ्यात घातलं होतं. मावशीनं मला “बोल गं” असं कधी म्हटलं नाही. ती भिंग पुसता पुसता गुणगुणायची,

तीळभर अंग नि गावभर पाय,
उजेडाच्या पोटात असतं तरी काय?

की निघाल्या तिच्या गोष्टीतल्या, तिळाएवढ्या तीळबाई! कधी थेंबात शिरायच्या, कधी आरशावरून घसरायच्या, आणि हमखास कुठेतरी अडकायच्या. तिथे मावशी गोष्ट माझ्यावर सोपवायची. मग मी भिंगं घ्यायचे, वाटीत पाणी घ्यायचे, करून बघायचे. चुकलं तर तीळबाई धप्पकन चिखलात पडायची, कपडे झटकायची, पुन्हा उभी राहायची. जमलं तर मावशी म्हणायची, “हं. मग पुढे?” बस्स. ‘शाब्बास’ हा माल त्या दुकानात ठेवलेलाच नव्हता.

आता मी ग्रंथालयात छोट्या मुलांना तीळबाईची साहसं सांगते. परवा मावशी पहिल्यांदाच ऐकायला आली. मागच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन, तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारखी. एवढी मोठी झाले, तरी तिच्या तोंडच्या एका ‘शाब्बास’ची आस काही सुटली नव्हती.

खिडकीला मी काळा पुठ्ठा ठोकला होता, त्यात पेन्सिल जाईल एवढं भोक. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मिट्ट काळोख. डोळे सरावले तसा समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उमटला. झाडं खाली डोकं वर पाय! एक सायकलवाला छताला चाकं लावून कपाटाच्या दिशेनं गेला.

“ताई, तो पडेल ना!” कुणीतरी किंचाळलं.

“तीळबाईलाही असंच वाटलं,” मी म्हणाले. “तिला अंधाऱ्या पेटीत कोंडलंय. भिंतीवर तिच्या मैत्रिणीची, मुंगीची गाडी दिसतेय, कपाटाकडे पळणारी. भोकातून उडी मारायची आणि गाडी गाठायची. पण पळायचं कुणीकडे? कपाटाकडे, की उलट दिशेला, फाटकाच्या बाजूला?”

पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी नेहमी भिंतीला चिकटून बसायची. आल्या दिवसापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती पुटपुटली, “कपाटाकडे.”

“तीळबाई कपाटाकडे पळाली. गाडीबिडी काही नाही. धप्पकन चिखलात!”

पोरं खो खो हसली. “हिच्यामुळे पडली, हिच्यामुळे!”

मुलीनं मान खाली घातली. आता ही पुन्हा मिटली की कधी उघडायची नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मावशीकडे बघायची हिंमत झाली नाही.

“तीळबाई रडली नाही हं,” मी म्हणाले. “तिनं कपडे झटकले आणि म्हणाली, एक बाजू तर कळली. आता नीट बघायला हवं. पण कसं बघू? इथून पुढे मला जाता येत नाही बाई.”

मग तोच बारीक आवाज. “मी बाहेर जाऊन चालू? तुम्ही भिंतीवर बघा.”

ती गेली. भिंतीवर पिवळा फ्रॉक उगवला, पाय वर, वेण्या खाली. फ्रॉक कपाटाकडे सरकू लागला.

“कपाटाकडे चाललीस!” पोरं ओरडली.

आणि बाहेरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज आला, “नाही! मी फाटकाकडे चाललेय!”

आत एकच कल्ला. ती धावत आत आली, घामाघूम, कमरेवर हात. “भिंत लबाड आहे! ती कपाट म्हणाली की आपण फाटकाकडे पळायचं. सांगा तीळबाईला!”

मघाशी हसलेला पोरगा तिला म्हणाला, “आता मी जातो. तू आतून बघून सांग.” आणि ती मधोमध, सगळ्यांच्या पुढे बसली.

मुलं घरी गेल्यावर मी पुठ्ठा काढत होते. मावशी चष्मा पुसत उभी.

“तुझ्यासारखी गोष्ट कुठे जमते मला,” मी म्हणाले. “तुला सगळे शेवट पाठ असायचे.”

“मला?” मावशी हसली. “घुमे, एकाही गोष्टीचा शेवट मला ठाऊक नव्हता. भिंग घासता यायचं, पण उजेड असा का वागतो, ते कुठे कुणी शिकवलं होतं? अडले की तुला विचारायचे. तू सोडवलंस की दुसऱ्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला धरून सांगायचे, आमच्या पोरीनं शोधून काढलंय हे. चष्मा राहायचा बाजूलाच.”

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुला तेवढं सांगितलं नाही कधी. वाटायचं, शाब्बास म्हटलं की शोधायची थांबशील. शाब्बास गं, पोरी.”